टोमॅटोला चाळ नसते

कांद्याचे भाव पडले की नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे निदान एक मार्ग उरतो. उन्हाळ कांदा चाळीत टाकायचा आणि चार-पाच महिने बाजाराचा अंदाज घेत थांबायचं. माल सडतो, वजन घटतं, कोंब फुटतात, तरी हाताशी थोडा वेळ राहतो. टोमॅटोला चाळ नसते. झाडावरून उतरवलेली जाळी पिंपळगाव बसवंतच्या नाहीतर गिरणाऱ्याच्या लिलावात लगोलग पोचवावीच लागते, मग भाव काहीही निघो. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळू लागले तेव्हा नाशिक आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या जाळीने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, शहरांतले किरकोळ दर दीडशेच्या पुढे गेले, आणि सप्टेंबर संपेपर्यंत तीच जाळी शंभराच्या आसपास घुटमळू लागली. पीक तेच, जमीन तीच, पाणीही तेच. फरक पडला तो दोन महिन्यांचा.

या दोन टोकांना सरकारने आणि शहराने दिलेला प्रतिसाद मात्र सारखा नव्हता. जुलै २०२३ मध्ये एनसीसीएफ आणि नाफेड या सहकारी महासंघांना तातडीने खरेदीला उतरवलं गेलं, दिल्लीत ९० रुपये किलोने विक्री सुरू झाली, पुढे तो दर ८०, ७० असा खाली आणला गेला, ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आले. सप्टेंबरात शेतकऱ्याच्या बाजूने इतकी घाई कोणी केली नाही. कांद्याचंही त्याच वर्षी तसंच झालं: ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. सरकार धावतं ते शहरी ग्राहकाच्या ओरडण्याने, आणि ग्राहक ओरडतो कारण त्याच्या घरात त्या आठवड्यापुरताही साठा नसतो. माझं म्हणणं इथून सुरू होतं. टोमॅटो मातीमोल असताना शहरातल्या घरांनी तो जाळीने विकत घेऊन, आटवून, सॉसच्या रूपात पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवला, तर त्यांचं स्वयंपाकघर भावाच्या हेलकाव्यातून काही अंशी सुटेल. आणि शेतकऱ्याच्या वाट्याला क्वचित येणारे चांगल्या भावाचे चार आठवडे त्याच्याकडून हिसकावून घेण्याचं निमित्तही थोडं कमी होईल. हे काम नोकरदार घरात जमण्यासारखं करायचं तर स्लो कुकर नावाचं साधं विजेचं भांडं उपयोगी पडतं. पण त्याबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं खरं नाही, तेव्हा आधी त्याचाच हिशेब मांडायला हवा.

टोमॅटोत शंभरातले जवळजवळ ९५ भाग पाणी असतं. चार किलो टोमॅटोची सालं आणि बिया काढल्यावर सव्वातीन-साडेतीन किलो रस उरतो आणि त्यात घन भाग पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. तो रस तिपटीने घट्ट करायचा म्हणजे सव्वादोन किलो पाणी घालवायचं. उकळत्या पाण्याचा एक किलो वाफेत बदलायला ०.६३ युनिट वीज लागते. हा निसर्गाचा नियम आहे, कोणत्याही कंपनीचं भांडं त्यातून सुटत नाही. घरगुती स्लो कुकर साधारण दोनशे वॅटचा. दहा तासांत तो दोन युनिटं घेतो, त्यातली बरीच उष्णता भांड्याच्या भिंतींतून हवेत जाते, आणि प्रत्यक्षात किलोभर पाणी उडालं तरी नशीब म्हणायचं. तेही झाकण अर्धवट उघडं ठेवलं तर. झाकण लावलेल्या स्लो कुकरमध्ये वाफ वर जाते, थंड होते आणि थेंब होऊन परत खाली पडते. हे भांडं मुळात कडधान्यं, मांस असे पदार्थ त्यांच्याच रसात तासन्‌तास मऊ करण्यासाठी जन्माला आलं. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९७१ पासून ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी गेलं. आटवणं हा त्याचा मूळ धर्म नव्हे. रात्री कापलेले टोमॅटो टाकून झाकण लावलं तर सकाळी हाती येतं ते सार.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. टोमॅटोला घट्टपणा देणारं पेक्टिन फळातलीच विकरं तोडतात, आणि पन्नास-साठ अंशांच्या कोमट टप्प्यात त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. कारखान्यात म्हणूनच चिरडलेला टोमॅटो झटक्यात ९० अंशांच्या वर नेतात, विकरं निकामी करतात आणि मग आटवतात. स्लो कुकर नेमका त्या कोमट टप्प्यात तास-दोन तास रेंगाळतो. सॉस पातळ राहतो, ताटात पाणी वेगळं आणि गर वेगळा दिसतो. यावरचा उपाय प्रत्येक मराठी घरात आधीपासून आहे: प्रेशर कुकर. टोमॅटो चिरून, अगदी थोडं पाणी घालून, एक शिट्टी. मग पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून गाळून सालं आणि बिया बाजूला. आणि इथे आणखी एक पायरी घातली की विजेचा प्रश्नही अर्धा सुटतो. गाळलेला गर चक्क्यासारखा पंच्यात बांधून तासभर टांगला, तर किलो-सव्वा किलो पाणी आच न लावता निथळून जातं. ते फेकायचं कारण नाही. आमटीला, रश्श्याला, कणीक भिजवायला ते चालतं, चवीलाही बरं असतं. उरलेला दाट गर रात्री स्लो कुकरमध्ये घालायचा, झाकणाला लाकडी डाव आडवा लावून फट ठेवायची, सकाळी किलो-सव्वा किलो सॉस तयार. करपत नाही, तळाला लागत नाही, अंगावर शिंतोडे उडत नाहीत. उघड्या पातेल्यात टोमॅटो आटवताना भिंतीवर उडालेले लाल ठिपके ज्यांनी पुसलेत त्यांना या शेवटच्या फायद्याची किंमत वेगळी सांगायला नको.

गॅस स्वस्त पडत नाही का, हा पहिला आक्षेप येईल. सगळं सव्वादोन किलो पाणी गॅसवर आटवायला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे सबसिडी नसलेल्या सिलिंडरच्या भावाने पंधरा रुपयांच्या आत-बाहेर. स्लो कुकरची दोन युनिटं महावितरणच्या कोणत्या टप्प्यात पडतात त्यावर दहा रुपयांपासून पंचवीसच्या वरही. पैशांत गॅस हरत नाही, उलट शंभर युनिटांच्या वर गेलेल्या घरात तो जिंकेल. पण गॅसवर सॉस आटवायला दीड-दोन तास माणूस समोर उभा राहावा लागतो, आणि नाशिकच्या सातपूरसारख्या कामगार भागात माणसाचे तेच दीड-दोन तास दुर्मीळ आहेत. जुन्या चुलीला मागच्या बाजूला वैल असायचा. पुढे भाकरी होत असताना मागे दूध किंवा डाळ आपापली शिजत राहायची. गॅसच्या शेगडीने स्वयंपाक जलद केला, पण लक्ष न देता मंद शिजवण्याची ती जागा घरातून गेली. स्लो कुकर ती परत देतो, एवढाच त्याचा गुण. काही हजारांचं भांडं घ्यायचं नसेल त्यांनी जाड बुडाचं पातेलं, त्याखाली लोखंडी तवा आणि सर्वांत लहान बर्नर असं जमवावं. मात्र ते रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही, सुटीच्या दिवशी डोळ्यासमोरच करायचं.

सातपूरचं नाव घेतलं ते याच कारणाने. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात या गावाच्या शेतजमिनीवर कारखाने उभे राहू लागले. मायको म्हणजे आजची बॉश, महिंद्र, सिएट, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपं. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूर नगरपालिका तिच्यात विलीन झाली. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर इथली घरं पाळ्यांवर चालतात: पहिली, दुसरी, रात्रपाळी. अशा घरात कोणी ना कोणी कायम झोपलेलं किंवा निघण्याच्या घाईत असतं, आणि दोन तास शेगडीशी उभं राहण्याचा सल्ला तिथे चालत नाही. याच घरांतल्या कितीतरी जणांचा भाऊ किंवा चुलता दिंडोरी, निफाड, चांदवड नाहीतर कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात शेती करतो. म्हणजे जुलैत टोमॅटो महाग म्हणून कुरकुरणारा आणि सप्टेंबरात भाव पडला म्हणून हळहळणारा, ही अनेकदा एकाच कुटुंबातली माणसं असतात. टोमॅटोच्या प्रश्नात ग्राहक विरुद्ध शेतकरी अशी जी मांडणी होते ती मुंबई-दिल्लीत शोभेल, सातपूरमध्ये ती लटकी पडते.

आता मोठा आक्षेप. बाटल्या भरून शेतकरी वाचणार आहे का? हिशेब साधा आहे. नाशिक शहरातल्या एक लाख घरांनी नेहमीच्या खरेदीव्यतिरिक्त एकेक जाळी घेतली तर दोन हजार टन माल उचलला जाईल. हंगामाच्या भरात एकट्या पिंपळगावच्या आवारात दिवसाला लाखाच्या घरात जाळ्या येतात. लाख घरांची मेहनत म्हणजे एका बाजारातला एक दिवस. त्यामुळे घरगुती सॉस हे भाव पडण्यावरचं औषध आहे असं कोणी सांगितलं तर ती थाप समजावी. ते औषध कारखान्यांत आहे, आणि कारखाने पुरेसे नाहीत. २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा या तीन पिकांसाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ जाहीर झालं, ५०० कोटींची तरतूद झाली. त्यानंतर तीन वर्षांनी टोमॅटो रस्त्यावर होताच. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीने प्रक्रिया करून दाखवली आहे, तसे दहा प्रकल्प जिल्ह्याला हवेत. त्यातही एक गाठ आहे. आपल्याकडचे संकरित वाण लांबच्या प्रवासासाठी निवडलेले, जाड सालीचे आणि कडक. कारखान्याला हवा जास्त घन भागाचा, एकाच वेळी पिकणारा. ते वाण लावावेत तर खाण्याच्या बाजारात त्यांना मागणी कमी, आणि कारखान्याचा करार पक्का नसेल तर शेतकरी दोन्हीकडून जातो.

मग लाख घरांच्या सॉसचा उपयोग काय? तो मागणीच्या दुसऱ्या टोकाला आहे. भाव दीडशेवर गेला तेव्हा टोमॅटोशिवाय अडणाऱ्या घराने पाव किलो तरी घेतलाच, रांग लावून घेतला, आणि त्या रांगेचं चित्र वाहिन्यांवर झळकलं. टंचाईच्या आठवड्यांत मागणी थोडी जरी मागे हटली तरी भावाचा कळस खाली येतो, कारण त्या वेळी बाजारात मालच थोडा असतो. दोन हजार टन सप्टेंबरात नगण्य असतील, जुलैत ते तसे नसतात. शिवाय महाग टोमॅटोचा पैसा सगळा शेतात पोचतो असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या टोमॅटोवरच्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. तेजीत घाबरून केलेल्या खरेदीने मधल्या हातांना बळ येतं आणि आयातीचा, स्वस्त विक्रीचा दबाव मात्र शेतकऱ्यावर पडतो. ज्याच्या घरात आठ बाटल्या आहेत तो त्या महिन्यात शांत बसू शकतो. कुणी म्हणेल, म्हणजे तेजीत शेतकऱ्याचं गिऱ्हाईक कमी केलंत. खरं आहे. पण मंदीत ते वाढवलं, आणि ज्या वर्षी टोमॅटो फेकावा लागतो त्या वर्षी विकली गेलेली जाळी जास्त मोलाची.

आरोग्याच्या बाजूने दोन्हीकडचं सांगायला हवं. तासन्‌तास शिजवल्याने क जीवनसत्त्व बरंच जातं. उलट लायकोपिन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत अंगी जास्त लागतं. बाजारातल्या केचपशी तुलना केली तर फरक साखरेचा आहे. केचपमध्ये किमान २५ टक्के विद्राव्य घन भाग असावा असा नियम आहे, आणि तो भरून काढण्यात साखरेचा वाटा मोठा असतो. बाटलीवरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, ती वाचली की साखर किती वर बसली आहे ते कळतं. घरच्या सॉसला भजीबरोबर खाण्याच्या गोड चटणीचं रूप देता येतं, लवंग-दालचिनीची पुरचुंडी, व्हिनेगर आणि गूळ घालून. पण त्याचा खरा उपयोग मिसळीच्या रश्श्यात, पावभाजीत, सारात आणि उसळीच्या वाटणात आहे. टोमॅटो सॉस हा आपला पदार्थ कुठे, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच कढईत रोज किती टोमॅटो पडतात ते आठवावं.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. लोणच्यावर तेलाचा थर देण्याची आपली सवय इथे धोक्याची आहे. हवा बंद झालेल्या, पुरेशा आंबट नसलेल्या अन्नात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं; त्याला वास किंवा चव असेलच असं नाही. आम्लतेची सीमा ४.६ पीएच, आणि टोमॅटो नेमका त्या सीमेच्या आजूबाजूला असतो, पूर्ण पिकलेला तर कधी पलीकडेही. म्हणून बाटलीत ठेवायच्या सॉसमध्ये दर अर्ध्या लिटरला पाव छोटा चमचा लिंबूसत्त्व घालणं ऐच्छिक नाही. कांदा, लसूण, मिरची, तेल हे त्यात घालायचं नाही, ते वापरतानाच्या फोडणीत. स्वच्छ बाटल्यांत सॉस भरून, त्या बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात अर्ध्या लिटरच्या बाटलीला चाळीस मिनिटं; समुद्रकाठी पस्तीस पुरतात, पण नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि इथे पाणी जरा कमी तापमानाला उकळतं. झाकणं हवाबंद बसणारी हवीत, जुन्या जॅमच्या बाटल्या नकोत. एवढं करायचं नसेल तर फ्रीझर हा सोपा आणि निर्धोक मार्ग. साध्या फ्रिजमध्ये आठवडाभराच्या वर भरवसा ठेवू नये. रात्री वीज गेली आणि सॉस कित्येक तास कोमट पडून राहिला, तर पुन्हा उकळून वाचवण्याचा मोह टाळून तो टाकून द्यावा. नासके, बुरशी आलेले टोमॅटो स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. पूर्ण पिकलेले पण धडधाकट घ्यावेत. लांबच्या बाजारासाठी व्यापारी रंग नुकता भरत आलेला माल मागतो, त्यामुळे लालबुंद माल लिलावात मागे पडतो, आणि सॉसला हवा असतो तोच.

‘हे सगळं करणार कोण?’ हा प्रश्न स्त्रियांनी विचारला तर तो आक्षेप नसून हिशेबातली राहिलेली रक्कम आहे. पापड, कुरडया, सांडगे, लोणची ही घराची बेगमी आपण कौतुकाने आठवतो आणि तिची मजुरी कधी मोजत नाही. स्लो कुकर आटवण्याचा वेळ वाचवतो. वीस किलो धुणं, चिरणं, गाळणं, बाटल्या उकळणं वाचवत नाही. एका माणसावर टाकलं तर एका जाळीचं काम तीन-चार रात्रींना पुरून उरतं. तेव्हा ज्या घरात हे काम पुन्हा एकट्या बाईच्या गळ्यात पडणार असेल त्या घराने सॉस विकत आणावा, माझी काही हरकत नाही. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी स्लो कुकर बंद करून बाटल्या भरता येतात, पुरणयंत्र फिरवायला कोणती पदविका लागत नाही.

दोन खोल्यांच्या घरात फ्रीझर केवढासा आणि जाळी कुठे ठेवणार, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती एकेका घराने सुटणारी नाही. चार-पाच घरांनी मिळून एक जाळी घेतली तर ती सुटते. त्यासाठी जाळी सातपूरपर्यंत यायला हवी, तीही लिलावाच्या भावाच्या जवळपास. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे. शेतकऱ्याने सोसायटीच्या दारात गाडी लावून विकायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही. ज्या आठवड्यात गिरणाऱ्याचा लिलाव जाळीला दीडशेच्या खाली जाईल, त्या आठवड्यात महापालिकेने सातपूर, अंबड, सिडको भागात मैदानं खुली करावीत, कारखान्यांच्या कँटीनांनी आणि कामगार संघटनांनी आगाऊ नोंदणी घ्यावी. बचत गटांना विकण्यासाठी करायचं असेल तर छोट्या उलाढालीला अन्नसुरक्षा नोंदणी थोड्या शुल्कात होते, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांवर ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. लिंबूसत्त्व किती, उकळायचं किती वेळ, हे शिकवायला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र सातपूरहून फार लांब नाही. खरिपाचा टोमॅटो ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो; मैदानांची यादी आणि नोंदणीचे कागद त्याआधी तयार लागतील, भाव पडल्यावर बैठक बोलावून उपयोग नाही.